एपिफायलम झाडावर कसं चढवायचं

पहिलं एपिफायलम, म्हणजे झाडांच्या फांद्यांवर वाढणारा एक निवडुंग, मी झाडावर लावलं तेव्हा गोणपाटाच्या तुकड्यात बागेतली माती आणि शेणखत भरलं, त्यात तीन छाट खोचले आणि ते गाठोडं आंब्याच्या बेचक्यात नायलॉनच्या दोरीने आवळून टाकलं. पावसाळ्याचा पहिला महिना सगळं छान हिरवंगार दिसत होतं. मग एके दिवशी सहज हात लागला आणि एक छाट सुटून हातातच आला. खालचं टोक तपकिरी, बुळबुळीत, कुजकट वासाचं. उरलेले दोन आठवडाभरात गेले. नायलॉनची दोरी मात्र टिकली, इतकी की दोन वर्षांनी ती फांदीच्या सालीत रुतलेली सापडली.

चूक एकच होती. कुंडीत जे चालतं तेच मी फांदीवर नेऊन ठेवलं होतं. या झाडाच्या मुळांना पाणी भरपूर चालतं, पण ते थांबलेलं चालत नाही. भिजायचं आणि काही तासांत सुकायला लागायचं, असा त्यांचा जन्माचा रिवाज. झाड कुठलं निवडायचं, मुळांभोवती काय भरायचं, दोरी कुठली वापरायची, पाणी कधी द्यायचं, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं. पुढे कुठे अडलात तर हाच प्रश्न स्वतःला विचारा: इथे पाणी पडलं तर ते सुकणार कधी?

आधी ओळख

एपिफायलम हा निवडुंगच, पण वाळवंटातला नव्हे. मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या उष्ण, दमट जंगलांत तो मोठ्या झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांच्या कपारीत वाढतो. फांदीवर साठलेला पालापाचोळा, सालीच्या भेगा आणि वरून ओघळणारं पावसाचं पाणी एवढ्यावर त्याचं भागतं. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. बांडगुळाशी त्यांची गल्लत करू नका. बांडगूळ यजमान झाडाच्या आत मुळं घुसवून अन्नरस ओढतं, एपिफायलम फक्त आधार घेतं. त्याची मुळं सालीवर पसरतात, आत शिरत नाहीत. ‘झाड मरेल का हो?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. नाही, मरत नाही. फक्त तुम्ही बांधलेली दोरी त्याला मारू शकते, त्याबद्दल पुढे.

ज्याला आपण पान म्हणतो ते खरं तर चपटं झालेलं खोड आहे. कडेला खाचा असतात, आणि प्रत्येक खाचेत एक डोळा. त्या डोळ्यातून नवी फांदी फुटते किंवा कळी येते. फूल पानावरच उगवल्यासारखं दिसतं म्हणून ग्रीक शब्द जोडून ‘पानावर’ या अर्थाचं नाव पडलं. एड्रियन हॉवर्थ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये ही प्रजाती नोंदवली. खोड आहे हे कळूनही मी पुढे ‘पान’च म्हणणार आहे, कारण सगळे तेच म्हणतात.

आणखी एक नावाचा घोळ. ज्याला घरोघरी ब्रह्मकमळ म्हणतात ते एपिफायलम ऑक्सिपेटालम, अमेरिकेतून आलेला निवडुंग. हिमालयात उंचावर वाढणारं मूळ ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं आहे आणि या दोघांचं नातंगोतं काही नाही. रोप मागताना तुम्ही ब्रह्मकमळ म्हणालात तरी चालेल, फक्त पानं पाहून घ्या.

कोणती जात घ्यायची

सुरुवात ऑक्सिपेटालमनेच करा. पांढरं, सुवासिक, रात्री फुलणारं फूल. नळीसकट त्याची लांबी २५ ते ३० सेंटिमीटर भरते. उष्ण, दमट हवेत ते आनंदाने वाढतं, छाट सहज रुजतात आणि ज्याच्याकडे असेल तो दोन पानं तोडून देतोच.

लाल, गुलाबी, केशरी फुलांची जी रोपं ‘ऑर्किड कॅक्टस’ म्हणून मिळतात ती बहुतेक संकरित असतात. त्यांच्यात डिसोकॅक्टस या जवळच्या प्रजातीचं रक्त जास्त असतं. फुलं दिवसाही उघडी राहतात आणि दोन-तीन दिवस टिकतात, म्हणून मोह होतो. पण डिसोकॅक्टसच्या बऱ्याच जाती मूळच्या डोंगराळ भागातल्या. कळ्या धरायला त्यांच्या संकरांना रात्रीचा गारवा लागतो, साधारण १५ अंशांच्या आसपास किंवा खाली. बाग समुद्रसपाटीच्या जवळ असेल आणि रात्रीही उकडत असेल तर ही रोपं पानांनी भरतील आणि फुलांना चकवतील. उंचावर राहत असाल तर खुशाल लावा.

करवतीच्या दात्यांसारखी खोल नागमोडी पानं असलेला निवडुंगही हल्ली सगळीकडे दिसतो. तो पूर्वी एपिफायलममध्ये मोजला जायचा, आता डिसोकॅक्टस अँग्युलिगर म्हणतात. फांदीवरून लोंबताना तो फुलांशिवायही देखणा दिसतो.

एक सावधगिरी: ड्रॅगन फ्रूटचा वेल कोणी ‘हेही ब्रह्मकमळासारखंच’ म्हणून दिला तर झाडावर चढवू नका. तो तीन धारांचा, काटेरी आणि वजनाने भारी असतो. काही वर्षांत अख्खा शेंडा व्यापतो आणि मग उतरवता येत नाही.

झाड निवडणं

इथे घाई करू नका. निवडुंग दुसऱ्यांदा लावता येतो, झाड बदलता येत नाही.

साल खडबडीत हवी आणि ती गळणारी नको. पेरूची आणि निलगिरीची साल पापुद्र्यांनी सुटत राहते, त्यावर धरलेली मुळं सालीबरोबर खाली येतात. नारळावर लावायचा विचार असेल तर सोडून द्या. खोडाला बेचकं नसतं आणि वरून झावळी पडली की सगळं सपाट.

आंब्याची साल उत्तम, पण त्याची सावली दाट. म्हणून मधल्या खोडाजवळ न लावता घेराच्या कडेकडच्या, जिथे सकाळचं ऊन आत शिरतं अशा आडव्या फांदीवर लावावं. चिंचेची सावली विरळ, साल भेगाळलेली. मला विचाराल तर हे झाड आंब्यापेक्षा सरस. रेन ट्री म्हणजे विलायती शिरीष हा तर अपिवनस्पतींचा जुना यजमान. त्याची पानं रात्री आणि ढगाळ हवेत मिटतात, त्यामुळे पावसाचं पाणी फांद्यांपर्यंत थेट पोचतं. फांद्या रुंद असतात, त्यांवर पालापाचोळा साठतो. फक्त तो एवढा उंच जातो की खालच्या फांद्या उरल्या असतील तरच उपयोग.

चाफ्याबद्दल माझं मत अर्धं-अर्धं आहे. फांद्या बुटक्या, जाड, हाताच्या उंचीवर बेचकीच बेचकी, त्यामुळे लावायला याच्याइतकं सोपं झाड नाही. कोरड्या दिवसांत तो पानं गाळतो आणि निवडुंगाला भरपूर उजेड मिळतो, तेही चांगलंच. पण उन्हाळ्याच्या ऐन काहिलीत चाफा उघडाबोडका असेल तर दुपारचं ऊन पानांवर थेट पडतं आणि ती भाजतात. चाफ्यावर लावायचं असेल तर शेजारच्या मोठ्या झाडाची किंवा भिंतीची दुपारची सावली त्यावर येते का हे आधी पाहून ठेवा.

फांदी किमान मनगटाएवढी जाड हवी. पावसाने भिजलेला मोठा जुडगा चांगलाच जड होतो. वाळवी लागलेली, पोकळ वाजणारी फांदी वर्ज्य.

फांदीवरची नेमकी जागा

सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी चार अशा तीन वेळा झाडाखाली जाऊन उभे राहा आणि ठरवलेल्या फांदीवर ऊन कसं पडतं ते बघा. सकाळचं कोवळं ऊन थेट पडलं तर उत्तम. दुपारचं ऊन पानांतून गाळून, ठिपक्याठिपक्यांनी यायला हवं. पूर्ण सावलीत झाड जगतं, पण पानं अरुंद आणि गडद होत जातात, लांबच लांब छड्या सुटतात आणि कळी धरत नाही. उलट पानं पिवळट पडून कडा लालसर झाल्या तर ऊन जास्त होतंय. थोडी लाली चालते. पांढुरके, कडक डाग पडले तर भाजलंय, ते डाग परत हिरवे होत नाहीत.

उंची डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी वर, साधारण दोन ते अडीच मीटर. पानं खाली लोंबतात आणि फुलं तुमच्या तोंडासमोर येतात. मी एकदा हौसेने साडेचार मीटरवर लावलं. फुलं येऊन गेली की सकाळी खाली पडलेल्या लोळ्यांवरून कळायचं.

बेचकं निवडताना त्यात पाणी साचून राहतं का ते तपासा. तांब्याभर पाणी ओता. लगेच ओघळून गेलं तर ठीक. वाटीसारखं साचलं तर ती जागा सोडा आणि बेचक्याच्या थोडं वर, तिरक्या फांदीच्या पाठीवर जागा धरा.

छाट घेणं आणि वाळवणं

ज्या रोपाला फुलं आलेली आहेत त्याचंच पान घ्या. मागच्या वर्षीचं, जाड, चपटं, निरोगी. अगदी कोवळं पान कुजतं, फार जुनं लाकडी पान रुजायला वेळ लावतं. १५ ते २५ सेंटिमीटर लांबीचे तुकडे पुरतात. सुरी स्पिरिटने पुसून घ्या.

तुकडे करताना खालचं टोक कोणतं हे लगेच खुणावून ठेवा. मी खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तिरका काप देऊन टोकदार करतो आणि वरचं टोक सरळ ठेवतो. त्यामुळे चुकत नाही, शिवाय मधली शीर खाली निमुळती उरते आणि मुळं बहुधा तिथूनच सुटतात. उलटं लावलेलं पान महिनोन्‌महिने नुसतं बसून राहतं.

आता ज्या पायरीवर बहुतेक जण अधीर होतात ती: हे तुकडे सावलीत, हवेशीर जागी, कागदावर आठ-दहा दिवस नुसते ठेवून द्या. पाणी नाही, माती नाही. कापलेली कड कोरडी, फिक्या खपलीसारखी झाली की तयार. पानं जराशी सुरकुततील, घाबरू नका. हा गडी दिवसा पानावरची रंध्रं मिटून ठेवतो आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतो, त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी सहज उडत नाही. ओल्या कडेने लावलेला छाट मात्र पावसाळी हवेत हमखास बुरशी धरतो.

सोडणात रुजवणं

वाळलेले छाट थेट फांदीला बांधता येतात आणि काही जगतातही. पण नवख्या माणसाने आधी रुजवून मग चढवावेत. त्यासाठी मला सगळ्यात भरवशाची वाटलेली पद्धत नारळाच्या सोडणाची आहे, आणि ती जरा तपशिलात सांगतो.

सुक्या नारळाचं सोडण, म्हणजे बाहेरचं काथ्याचं जाड आवरण, उभं फाडलं की होडीच्या आकाराचे जाड तुकडे मिळतात. असा एक हातभर होडगा घ्या आणि बादलीत बुडवून ठेवा. त्यावर वीट ठेवा, नाहीतर तो तरंगतो. पहिल्या दिवशी पाणी चहासारखं लाल होतं. ते फेकून नवं भरा. दोन-तीन वेळा पाणी बदललं की रंग फिका पडतो आणि सोडणातला खार व कस बराचसा निघून गेलेला असतो. हे न करता लावलं तर मुळांची टोकं काळी पडतात.

धुतलेल्या होडग्याच्या आतल्या बाजूला सुरीने दोन-तीन तिरप्या चिरा पाडा. प्रत्येक चिरेत एक छाट, खालचं टोक चार-पाच सेंटिमीटर आत जाईल असा खोचा. पोकळ भाग सोडणाचेच सुपारीएवढे तुकडे, लोणारी कोळशाचे तुकडे आणि मूठभर चाळलेला पालापाचोळा यांनी सैलसर भरा. दाबू नका. बोट घातलं तर सहज आत गेलं पाहिजे. माती चिमूटभरही नको. वरून जुन्या टी-शर्टची पट्टी एक-दोन वेढे देऊन बांधा म्हणजे छाट हलणार नाहीत. हलत राहिले तर कोवळी मुळं तुटतात आणि रोप दरवेळी पहिल्यापासून सुरुवात करतं.

हा होडगा सावलीत टांगून ठेवा. पहिला आठवडा पाणी नाही, नंतर एक दिवसाआड हलका फवारा. तीन ते सहा आठवड्यांत मुळं सुटतात. ओळखायची खूण सोपी: सुरकुतलेलं पान पुन्हा फुगीर होतं आणि हलकेच ओढलं तर अडकून बसल्यासारखं लागतं. मला एकदा राहवलं नाही म्हणून पंधरा दिवसांनी उपसून पाहिलं. तांदळाएवढी दोन मुळं होती, ती तुटली.

फांदीवर चढवणं

योग्य वेळ म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर. रोप बसेपर्यंत पाण्याची चिंता पाऊस वाहतो.

फांदीच्या पाठीवर ठरलेली जागा ब्रशने झाडून घ्या. शेवाळ असेल तर राहू द्या, सुटी साल काढा. सोडणाचा होडगा उघड्या तोंडाने सालीला टेकेल असा ठेवा, म्हणजे मुळं सोडणातून थेट सालीवर जातात. पानांची टोकं बाहेरच्या, उजेडाच्या बाजूला. मग सुती दोरीने किंवा सुतळीने फांदी आणि होडगा मिळून तीन-चार वेढे द्या. पक्कं बांधायचं, पण सुतळीखाली करंगळी शिरेल एवढी ढील ठेवायची. सुतळी साधारण वर्षभरात कुजते आणि तोपर्यंत मुळांनी फांदी धरलेली असते. म्हणूनच ती चांगली. तार, नायलॉन, प्लॅस्टिकची पट्टी कुजत नाही. फांदी जाड होते, दोरी रुतते आणि पुढचा भाग सुकतो. खिळे तर अजिबात ठोकू नका.

एका जागी तीन ते पाच छाट, सगळे एकाच रोपाचे, असं लावलं तर जुडगा लवकर भरतो.

पहिल्या पंधरवड्यात खारींवर लक्ष ठेवा. माझ्या एका होडग्याचा अर्धा काथ्या एका खारीने घरट्यासाठी नेला, तोही रोज थोडा-थोडा, मी समोर बसलेला असताना. तेव्हापासून मी वरून शेडनेटचा हातभर तुकडा गुंडाळतो आणि मुळं धरली की काढतो.

पाणी

निवडुंग आहे म्हणून पाणी कमी, हा गैरसमज या झाडाचा सगळ्यात जास्त छळ करतो. फांदीवरचं सोडण कुंडीतल्या मातीपेक्षा कितीतरी लवकर सुकतं. सलग पावसाच्या दिवसांत काही करू नका. पाऊस थांबला की आठवड्यातून दोनदा, कोरड्या उष्ण वाऱ्यांत तीनदा किंवा एक दिवसाआड पाणी द्या. नुसता फवारा पुरत नाही, होडगा नीट भिजून खालून थेंब पडेपर्यंत द्या. वेळ सकाळची बरी.

जिथे वर्षात थोडे गार, कोरडे दिवस असतात तिथे त्या दीड-दोन महिन्यांत पाणी आठवड्यातून एकदावर आणा. पानं जरा मलूल झाली तरी चालेल. या विश्रांतीनंतर पाणी वाढवलं की कळ्या धरायला मदत होते. पण वाळवंटी निवडुंगासारखं महिनाभर ठणठणीत कोरडं ठेवू नका.

बोअरचं जड पाणी असेल तर पानांवर पांढरे डाग राहतात आणि सोडणात क्षार साठतात. शक्य असेल तर साठवलेलं पावसाचं पाणी वापरा.

खत

कमी. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढं विरघळणारं खत, तेही आधी साधं पाणी देऊन मग. कळ्यांच्या हंगामाआधी नत्र कमी आणि स्फुरद-पालाश जास्त असलेलं घ्या. नत्र जास्त झालं तर पानं भराभर वाढतात, पण फुलांचं नाव नाही. पालाशाचं काही नसेल तर वर्षातून दोनदा मूठभर कुजलेला पालापाचोळा मुळांवर पसरा. जंगलात त्याला एवढंच मिळतं.

पहिली दोन वर्षं काय दिसेल

पहिले काही महिने वाढ दिसणार नाही. मग एखाद्या दिवशी बुडाजवळून गोल, काठीसारखा कोंब निघेल आणि सरळ वर जायला लागेल. त्यावर बारीक केस किंवा कोवळे काटे असतील. लोक ‘हे काहीतरी वेगळंच आलं’ म्हणून तो छाटून टाकतात. छाटू नका! तो झाडाचा कणा आहे. वीत-दोन वीत, कधी त्याहून कितीतरी लांब गेला की त्याच्यावरच चपटी पानं फुटतात, आणि फुलं येतात ती त्या पानांवर. फार लांब जाऊन वाऱ्यात हेलकावे खात असेल तर शेजारच्या फांदीला सुती पट्टीने सैल अडकवून द्या.

पानांच्या मधल्या शिरेवरून मिशांसारखी तपकिरी मुळं लोंबतील. तीही कापू नका. ज्या पानाची मुळं फांदीला टेकली ते पान स्वतःपुरतं स्वतंत्र झालं म्हणून समजा.

फूल साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

छाटणीचं तंत्र फारसं नाही. ज्या डोळ्यातून एकदा फूल येऊन गेलं त्यातून सहसा पुन्हा येत नाही, म्हणून ज्या पानाचे बहुतेक डोळे वापरून झालेत, जे पिवळं, खरबरीत झालंय, ते फुलांचा हंगाम संपल्यावर बुडापासून काढा. एका वर्षी चौथ्या हिश्श्याहून जास्त काढू नका. पान मधेच अर्धं तोडलं तर ठुंठ कुरूप दिसतं, आणि त्यावर फाटे फुटून गुंता होतो.

दुखणी

पानांच्या बेचक्यात आणि डोळ्यांभोवती पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा, जास्त असेल तर साबणाच्या सौम्य पाण्याचा किंवा निंबोळी तेलाचा फवारा ऊन उतरल्यावर द्या. मुंग्यांची रांग वर चढताना दिसली की आधी हे तपासा, कारण पिठ्या ढेकणांच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांना पाळतात. मात्र कळ्यांवर मुंग्या दिसल्या तर हात लावू नका. कळीच्या बाहेरच्या अंगावर मधाचे बारीक थेंब येतात, मुंग्या त्यासाठी येतात, त्यांचा त्रास काही नाही.

तपकिरी, टणक टिकल्या म्हणजे खवले कीड. नखाने खरवडून निघते.

गोगलगायी पावसाळ्यात रात्री चढतात आणि कोवळी टोकं खातात. सकाळी पानावर चकाकणारा माग दिसला की समजावं. रात्री बॅटरी घेऊन वेचणं यापेक्षा चांगला उपाय मला सापडलेला नाही.

बूड कुजायला लागलं तर दया दाखवू नका. पान सोडवा आणि कुजलेल्या टोकाकडून वर-वर चकत्या काढत जा. कापात तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसते तोवर कापत राहा. स्वच्छ हिरवा काप आला की थांबा, तो तुकडा पुन्हा आठ-दहा दिवस वाळवा आणि नव्या सोडणात पहिल्यापासून. जुनं सोडण फेकून द्या.

फुलण्याची रात्र

कळी आधी डोळ्यातून निघालेल्या लालसर टिकलीएवढी दिसते आणि तिची नळी खाली लोंबत वाढते. तीन-चार आठवडे हे चालतं. या काळात काही कळ्या पिवळ्या पडून गळतील. झाड स्वतःच आपला भार कमी करतं, त्यात तुमची चूक असेलच असं नाही. पण पाणी चुकलं, गरम वारा लागला किंवा टांगलेलं रोप तुम्ही जागचं हलवलं तर सगळ्याच गळतात. फांदीवरच्या झाडाला हलवायचा प्रश्न नसतो, हा एक मोठा फायदा.

फुलायच्या दोन-तीन दिवस आधी खाली लोंबणारी नळी मान उचलते आणि इंग्रजी ‘जे’सारखी वर वळते. कळीचं टोक टपोरं होतं. फुलायच्या दिवशी संध्याकाळी बाहेरच्या लालसर, अरुंद पाकळ्या सैल पडलेल्या दिसतात. तेव्हा जेवून घ्या, शिडी लावून ठेवा. अंधार पडल्यावर एक-दोन तासांत टोक उघडायला लागतं. लक्ष देऊन पाहिलं तर पाकळी हलताना डोळ्यांना दिसते, मधेच झटका दिल्यासारखी सुटते. सुगंध फूल अर्धं उघडेपर्यंतच बागेत पसरलेला असतो. मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ण उमलतं, आणि उजाडायच्या आत मान टाकतं. एका जुडग्यातल्या बऱ्याच कळ्या एकाच रात्री फुलतात.

मोठा दिवा सतत रोखून ठेवू नका. हे फूल रात्री उडणाऱ्या लांब सोंडेच्या मोठ्या पतंगांसाठी आहे, आणि अंधारात वाट पाहिलीत तर एखादा येऊन फुलासमोर हवेत तरंगताना दिसेल. पतंग आला तरी फळ धरेल याची खात्री नाही. ऑक्सिपेटालमला स्वतःचा पराग सहसा चालत नाही, आणि बागेबागेतून वाटलेली रोपं बहुधा एकाच मूळ झाडाच्या पानांपासून वाढवलेली असतात. फळ हवंच असेल तर वेगळ्या ठिकाणाहून आलेल्या रोपाचं फूल त्याच रात्री मिळवा आणि त्याचे पुंकेसर या फुलाच्या मधल्या चांदणीसारख्या टोकावर हलकेच फिरवा.

सकाळी सुकलेली फुलं तशीच राहू द्या, दोन-चार दिवसांत देठापासून आपोआप सुटतात. ज्या पानावर सगळ्यात जास्त फुलं आली त्याला सुती धाग्याची गाठ मारून ठेवा. पुढच्या पावसाआधी कोणी छाट मागायला आलं तर त्याच्या जवळचं, त्याच फाट्यावरचं पान द्यायचं.